जर्मनची बंदूक

माणसाला एखादा छंद असावा, असं निवृत्त माणसं नोकरीतल्या माणसांना नेहमी सांगतात. तो कशाचा असावा हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे कोणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कोणी काडेपेट्या जमवतो. आमच्या शाखेतले कॅशियर नोटांचे नंबर जमवतात. शेवटी ७८६ असलेली नोट त्यांच्या हातून गिऱ्हाइकाकडे गेल्याचं मला आठवत नाही. तिच्या जागी ते खिशातली दुसरी नोट ठेवतात, म्हणून संध्याकाळी हिशेब जुळतो. मी जुन्या जर्मन लष्करी रायफली जमवतो.

हे वाक्य घरात प्रथम उच्चारलं तेव्हा बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, “जर्मनच्या? त्या वितळून नाही का जाणार?”

यात तिचा दोष नाही. आमच्या जळगावात जर्मन हा देश नसून धातू आहे. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते आणि ॲल्युमिनियममध्ये जर्मन नसतो, पण बोहारणीला एवढं रसायनशास्त्र सांगत कोण बसणार? दोन जुन्या पँटींवर एक जर्मनचं पातेलं मिळतं, एवढंच आपल्याला ठाऊक. तेव्हा ‘जर्मनची बंदूक’ म्हटल्यावर माझ्या बायकोच्या डोळ्यांपुढे, दोन बार काढल्यावर बुडाला पोचा येणारी काहीतरी वस्तू आली असली पाहिजे.

आता ‘जमवतो’ या क्रियापदाचा खुलासा केला पाहिजे. माझ्याकडे एकही रायफल नाही. अमेरिकेतला माझ्यासारखाच एखादा कारकून गॅरेजमध्ये अशा पंधरा-वीस रायफली ओळीने लावून ठेवतो आणि रविवारी एकेकीला तेल चोळत बसतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याखाली परवाना असलेल्या माणसालाही पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनच राहिल्या. दोन वस्तूंना संग्रह म्हणत नाहीत, जोडी म्हणतात. म्हणून मी माहिती जमवतो, फोटो जमवतो, कारखान्यांचे शिक्के आणि नंबर एका जुन्या लेजरमध्ये उतरवून ठेवतो. प्रत्यक्ष वस्तूंपैकी माझ्याजवळ काडतुसं ओळीने बसवायची एक पितळी पट्टी आहे, तिच्यात पाच काडतुसं बसतात. सध्या बायको तिच्यात केसांच्या पिना खोचते. पाचच बसतात म्हणून तिची तक्रार आहे.

या कायद्याचं कलम ४५ मला फार आवडतं. बँकेची सर्क्युलरं वाचून वाचून मला कायद्याच्या भाषेची गोडी लागली आहे, त्यामुळे असं एखादं कलम मी ठुमरीसारखं पुन्हा पुन्हा ऐकू शकतो. त्याचा आशय असा, की जे हत्यार जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं आहे, आणि दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, ते बाळगायला हा कायदा आडवा येत नाही. ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. जगभरचा हौशी माणूस मोडकी रायफल आणतो, खपून नीट करतो आणि मित्रांना बोलावून दाखवतो. आपल्याकडे ती नीट होऊ शकते असं नुसतं दिसलं, की मित्रांच्या आधी पोलिसांना दाखवावी लागते. म्हणजे कायद्याच्या नजरेत रायफल एक तर कागदपत्रांसह जिवंत असावी, नाहीतर कायमची मेलेली असावी. आजारी रायफलीला या देशात जागा नाही.

मला हा नाद लावला आमच्या शाखेच्या गार्डने. हवालदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन आले होते. बँकेची बंदूक म्हणजे बारा बोअरची दुनळी. आमच्याकडे पेनाला दोरी आणि बंदुकीला पट्टा, एवढीच दोघांच्या बंदोबस्तात तफावत. हवालदार जेवणाच्या सुट्टीत ती उघडत, फलालीनची चिंधी गजाला गुंडाळून नळीतून ओढत, आणि मग नळी खिडकीकडे धरून मला म्हणत, “साहेब, बघा. आरसा.” वीस वर्षांत त्या बंदुकीतून एक बार निघाला नव्हता, पण नळीत आरसा होता. आमच्या मॅनेजरांच्या केबिनच्या काचेत नव्हता.

हवालदारांना पलटणीचा इतिहास तोंडपाठ होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला, तेव्हा आत १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला, खाण्याचं सगळं संपल्यावर, शरणागती झाली. तुर्कांच्या हातात माउझर रायफली होत्या. “गोळी जर्मन, चाप ओढणारा तुर्क, आणि चुकवणारा आपला सातारचा,” हवालदार सांगत. मग ते डबा उघडत. जर्मनचा.

तिथून मी माउझरच्या मागे लागलो. हा पॉल माउझर १८३८ साली ओबर्नडॉर्फ नावाच्या गावात एका बंदूक-कारागिराच्या घरी तेरावं अपत्य म्हणून जन्मला. तेराव्या मुलाला घरात लक्ष वेधून घ्यायचं तर काहीतरी मोठा आवाज करावाच लागतो. त्याने रायफलीचा जो खटका बसवला, म्हणजे बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा, तो १८९८ च्या जर्मन लष्करी नमुन्यात इतका पक्का झाला, की पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मन शिपाई त्याच खटक्यावर लढला. १९३५ च्या आखूड नमुन्याच्याच एक कोटीहून जास्त रायफली निघाल्या. अमेरिकनांनी आपल्या १९०३ च्या रायफलीत त्याच्या कल्पना घेतल्या आणि मग निमूटपणे दोन लाख डॉलर मोजले. एवढं करून गृहस्थ वारला कधी, तर मे १९१४ च्या शेवटी, महायुद्धाला दोन महिने असताना. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर दुकानदाराने जावं, तसं झालं.

या नावाशी आपल्या देशाचा जो सगळ्यात सुरस संबंध आला, त्याचा नायक एक कारकून आहे, हे सांगताना माझी मान ताठ होते. रायफलीचा नाही, पिस्तुलांचा मामला आहे, पण कारकुनासाठी एवढी सवलत द्यावी. कलकत्त्याला रॉडा नावाची शस्त्रं विकणारी कंपनी होती. २६ ऑगस्ट १९१४ ला तिचा कारकून श्रीशचंद्र मित्र कस्टममधून माल सोडवायला गेला. पेट्या सोडवल्या २०२. गोदामात पोचवल्या १९२. “उरलेल्या घेऊन येतो,” असं सांगून तो जो गेला तो गेलाच. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती, आणि ती क्रांतिकारकांकडे पोचली होती. पुढच्या वर्षी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथी शेवटची लढाई लढले, तेव्हा त्यांच्या हातात माउझर पिस्तुलं होती. कंपनीने पोलिसांत कळवलं तीन दिवसांनी! आमच्याकडे दहा रुपयांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत उठू देत नाहीत. इथे दहा पेट्यांचा फरक, आणि तीन दिवस कोणी बॅलन्सच मारला नाही. नाही म्हणायला प्रत्येक पिस्तुलाचा नंबर मात्र कंपनीच्या वहीत लिहिलेला होता. कारकुनी काम कधी वाया जात नाही ते असं.

तसा आमचा खानदेश दारूगोळ्याला परका नाही. जळगावहून रेल्वेने भुसावळला जा, तिथे दारूगोळ्याच्या पेट्या बनवणारा सरकारी कारखाना आहे. आणखी पुढे वरणगावला गेलात तर काडतुसांचा आहे. २०२१ साली अशा सगळ्या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा पेट्या एका कंपनीकडे गेल्या आणि काडतुसं दुसरीकडे. संयुक्त कुटुंबात वाटण्या होतात तेव्हा एका भावाला जातं जावं आणि दुसऱ्याला खुंटा, तसं. पण हे सगळं आपलं, देशी. अस्सल जर्मन रायफल मला सापडली ती धुळ्याला, आणि तीही माझ्या सासऱ्यांच्या कपाटात, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं शास्त्र सांगतं. या ग्रहाला सासरच्या माणसांनी दिवाळसणाला चांदीची वाटी, धोंड्याच्या महिन्यात अनारसे वगैरे दाखवायची पद्धत आहे. बंदूक दाखवायची पद्धत नाही. माझे सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्या दिवशी परवाना नूतनीकरणाचा अर्ज कुठे ठेवलाय ते शोधत होते. मी म्हटलं, “कसला परवाना, तात्या?” त्यावर त्यांनी काही न बोलता कपाटाच्या तळातून गोधडीत गुंडाळलेली ती वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. नऊ वर्षं या घरात मी जेवणावर, उन्हाळ्यावर आणि वाटाण्याच्या आमटीवर जी काही मतं व्यक्त केली होती, ती सगळी त्या क्षणी मला आठवली.

तात्यांच्या वडिलांचा शिरपूरच्या वर सातपुड्यात सागाच्या लाकडाचा ठेका होता. जंगलात जाणं-येणं रोजचं, म्हणून त्यांनी १९३० नंतर कधीतरी मुंबईच्या दुकानातून ही रायफल घेतली. त्यांच्यामागे परवाना तात्यांच्या नावावर झाला. तात्यांनी आयुष्यात एकूण अकरा गोळ्या झाडल्या, सगळ्या शेतात घुसणाऱ्या रानडुकरांच्या दिशेने. ‘दिशेने’ हा त्यांचाच शब्द. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा सातपुड्यातल्या एकाही प्राण्याला तात्यांच्या बाबतीत फरक जाणवला नसेल.

वरून पाहिलं तर ती शिकारीची रायफल. निमुळता दस्ता, अर्धंच लाकूड, बारीक मक्षिका. पण मी नळीच्या बुडाशी, जिथे ती खटक्याच्या पेटीत बसते, तिथली गोधडीची लव पुसली आणि भिंग लावलं. वर एक मुकुट. खाली अक्षरं: स्पांडाउ. त्याखाली १९१७. स्पांडाउ म्हणजे बर्लिनजवळचा कैसरचा सरकारी शस्त्रकारखाना. शिकारीच्या कपड्यांत शिपाई बसला होता!

याचा उलगडा व्हर्सायच्या तहात आहे. १९१९ च्या त्या तहाने जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं. रायफली लाखोंनी उरल्या आणि कारागिरांची पोटं तशीच राहिली. मग त्यांनी लष्करी रायफलींचं लांब लाकूड कापलं, दस्ते तासले आणि त्या शिकाऱ्यांना विकायला काढल्या. लष्करी काडतूस होतं ५७ मिलिमीटर लांबीचं. त्याची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी नळीतली काडतुसाची जागा तीन मिलिमीटर खोल केली आणि ६० मिलिमीटरचं नवं काडतूस काढलं. झालं! लष्करी काडतूसच नाही, तर हरकत कसली? कायदा पाळला, तीन मिलिमीटरने.

यावर हसण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण आपल्याकडेही तोच खेळ झाला. इंग्रज सरकारने लष्कराची ३०३ रायफल सामान्य माणसाला बंद केली. म्हणून ३१५ आली, जी आजही शेतकरी परवान्यावर घेतात. खटका तोच ली-एन्फील्डचा, काडतूस मात्र जुन्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावरून घेतलेलं. दोन्ही आठ मिलिमीटरचीच म्हणायची, आणि तात्यांची जर्मनही आठ मिलिमीटरचीच. पण ३१५ चं काडतूस बुडाशी कडा असलेलं आणि ५० मिलिमीटर लांबीचं, हे बिनकडेचं आणि ६० मिलिमीटरचं. एकाच आडनावाचे लोक म्हणून एकाच्या खात्यातला चेक दुसऱ्याच्या खात्यावर टाकावा, त्यातला हा प्रकार. फक्त बँकेत चूक झाली तर मेमो मिळतो, इथे खटका तोंडावर येऊ शकतो. तात्यांच्या रायफलीला योग्य काडतूस आता आसपास मिळत नाही. शेवटची चार त्यांनी रीतसर जमा करून टाकली. रायफल ठणठणीत आणि खायला काही नाही.

त्यानंतर माझे दर महिन्याचे दोन शनिवार धुळ्याला जाऊ लागले. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, हे सरकारने बहुधा याचसाठी केलं. एरंडोल-पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचली, की मी आधी सासूबाईंना नमस्कार करायचो, मग तात्यांना, आणि मग गोधडीला. कायद्याने परवानाधारकाच्या समोर बसूनच काय ते करायचं, म्हणून तात्या खुर्चीत बसून पेपर वाचत आणि मी जमिनीवर जुनी चादर अंथरून बसे.

जर्मन माणसाचा व्यवस्थितपणा मला तिथे कळला. रायफलीचा नंबर नळीवर असतोच, शिवाय तो खटक्याच्या पेटीवर, बोल्टवर, चापाच्या कमानीवर, नेमाच्या पट्टीवर, आणि विश्वास ठेवा, स्क्रूंच्या डोक्यावरसुद्धा शेवटचे दोन आकडे असतात. कारखान्यात ज्या भागांचा एकमेकांशी मेळ बसवला, ते पुढे युद्धात विस्कटले तरी परत आपापल्या घरी जावेत म्हणून. संग्राहक ‘सगळे नंबर जुळणारी’ रायफल शोधत जन्म घालवतात. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बावीस वर्षं बँकेत. मला याहून वेगळं स्वर्गसुख कुठलं? मी लेजरमध्ये दोन रकाने पाडले आणि एकेक खूण करत गेलो. नळी, बरोबर. पेटी, बरोबर. कमान, बरोबर. स्क्रू, दोन्ही बरोबर. बोल्ट, नाही.

बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. कधी बदलला कोण जाणे. एखाद्या खंदकात संध्याकाळी दहा-बारा जणांनी घाईघाईने साफसफाई केली असेल आणि उचलताना हा तुझा, हा माझा झाला असेल. मी तात्यांना म्हटलं, “तात्या, तुमच्या बंदुकीत दोन शिपाई राहतात.” तात्या पेपर खाली न करता म्हणाले, “राहू द्या. भाडं कुठे देतात?”

दुरुस्तीचं शास्त्र एका वाक्यात सांगायचं तर, हात आवरा. मूळचा निळसर काळेपणा उडाला म्हणून पॉलिश पेपर मारला, तर गंजाबरोबर शिक्केही जातात. लाकूड घासून गुळगुळीत केलं, तर त्यावरचे कारखान्याचे ठसे भुशात जमा. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी ज्या लाखो जर्मन रायफली पकडल्या, त्या नंतर सरसकट नव्या काळ्या रंगात बुचकळून काढल्या, लाकडावर चपडा फासला, आणि बेजोड भागांवर पहिला नंबर विजेच्या लेखणीने कोरून टाकला. झाले नंबर जुळते! ऑडिटच्या आदल्या रात्रीची वही अशीच दिसते. जाणता माणूस अशी रायफल पाहून कळवळतो.

आमच्या सुताराला हे पटवणं मात्र जड गेलं. दस्त्याला बारीक तडा होता. कोकणात बंदुकीचं लोखंड गंजतं, आमच्याकडे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने लाकूड तडकतं. त्याला नुसता सल्ला विचारायला बोलावलं होतं. त्याने दस्त्यावरून हात फिरवला, नख मारलं आणि म्हणाला, “अक्रोड आहे. पण जुनं झालंय. वरून सनमायका मारून देतो साहेब, वीस वर्षं बघायला नको.” तात्यांनी पेपर खाली ठेवला. वर्षभरात मी तो त्यांना पहिल्यांदाच खाली ठेवताना पाहिला.

शेवटी जवसाचं तेल. शंभर वर्षांपूर्वी त्या लाकडाला कारखान्यात जे तेल पाजलं, तेच आमच्या खानदेशात चटणीच्या शेजारच्या बरणीत असतं. बोटावर चार थेंब घ्यायचे आणि तळव्याने चोळत राहायचं, हात गरम होईपर्यंत. मग पुसून दोन आठवडे ठेवायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा. एक खबरदारी मात्र हवी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्यामुळे मी त्या धुऊन दोरीवर पसरून वाळत घालत असे, आणि गल्लीतल्या बायका सासूबाईंना विचारत, “जावई घरचं धुणंही करतात?” या एका अफवेने माझी धुळ्यातली पत जेवढी वाढली, तेवढी प्रमोशनने वाढली नव्हती.

सात-आठ महिन्यांनी लाकडाला खालून उजेड आल्यासारखा रंग आला. तडा तसाच ठेवला, नुसता वाढणार नाही असा बांधला. तात्यांनी दस्ता गालाला लावून पाहिला. खांद्याला नाही लावला, कारण रायफल आता त्यांना तेवढा वेळ पेलत नव्हती.

आणि मग विषय निघालाच. तात्या ब्याऐंशीचे. पुण्याच्या मेहुण्याला रायफल नको. तसं नको म्हणता येणार नाही, त्याला ती फ्लॅटच्या भिंतीवर हवी आहे. त्याच्या इंटीरियरवाल्याने सोफ्याच्या वर एक जागा आखून ठेवली आहे. “नळी बुजवून टाकू, बोल्ट वेल्ड करून टाकू, म्हणजे परवान्याची कटकटच नाही,” तो म्हणाला. कलम ४५, त्याला न वाचताच कळलं होतं.

तात्या एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात. जावई जळगावचा असला तरी बँकेतला आहे म्हणून. त्या दिवशी त्यांच्या तोंडून अहिराणी आली. “जवाईबापू, हाई मरेल नै शे. हाई जपेल शे.”

अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. पुस्तकी मराठीत जपणं म्हणजे सांभाळणं. मी दोन्ही अर्थ मनात धरून गप्प बसलो. मेहुणाही गप्प बसला, पण त्याचा फोन वाजला म्हणून.

२०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिली, की तो हयातीतच ती वारसाला देववू शकतो. वारसांच्या यादीत नवरा, बायको, मुलगा, मुलगी आहेत, आणि हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, जावईसुद्धा आहे. सरकारने मला प्रथमच कशाला तरी पात्र ठरवलं होतं. फक्त अर्ज करायचा, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, आणि मनाने व शरीराने तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरांचा दाखला. बावीस वर्षं काउंटरवर बसूनही मन शाबूत असल्याचं लेखी मिळालं, तर मला तसंही ते फ्रेम करून लावायचं होतं.

मी यादी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मुलगी आधी आहे ना त्यात? मग मी सांगते. घरात दोन मुलं आहेत. बंदूक या घरात येणार नाही.” मी म्हटलं, “अगं, काडतूसच मिळत नाही तिला. खलबत्त्याने जास्त इजा होईल.” ती म्हणाली, “खलबत्त्याची पोलीस चौकशी होते का?” यावर उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “तात्या आहेत तोवर त्यांच्याकडे राहू दे. तू जात जा शनिवारी.” हे तिने माझ्यासाठी म्हटलं की तात्यांसाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हा नूतनीकरण करायचं ठरलं. आता परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा होतो. तात्यांना जिने चढवत नाहीत आणि कचेरीत रायफल दाखवायची होती. पण त्याचीही सोय कलम ३ मध्ये आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस ती नूतनीकरणासाठी नेऊ शकतो. मी मसुदा लिहून दिला. तात्यांनी चष्मा पुसला, पेन धरलं, आणि पुष्कळ वेळ घेऊन सही केली.

सह्या पाहणं हा माझा धंदा आहे. परवान्याच्या जुन्या पुस्तिकेत तात्यांची पहिली सही आहे. लपेटा मारलेली, खाली दोन टिंबं, रानडुकरांना धाक वाटावा अशी. चिठ्ठीवरची सही तिची कोणी लागत नव्हती. अक्षरं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडावा तशी चालली होती आणि टिंबं पडलीच नव्हती. माझ्या काउंटरला असा चेक आला असता तर मी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत केला असता. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

रायफलीला खोळ नव्हती. सासूबाई पूर्वी गाणं शिकत, त्यांच्या तंबोऱ्याची खोळ निघाली. भोपळ्याच्या जागी उशी भरली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. “भाऊ, कोठे कार्यक्रम शे?”

“कलेक्टर कचेरीत.”

“तठे कोन ऐकस?” असं म्हणून त्याने रिक्षा सुरू केली.

टेबलापलीकडे माझ्याच वयाचा कारकून होता. रिकामी असल्याची खात्री करून रायफल तपासली गेली, नंबर वाचला गेला, पुस्तिकेशी ताडला गेला. तिथे माझा जीव भांड्यात पडला, कारण बोल्टचा नंबर कोणी विचारला नाही. मग त्याने चिठ्ठी घेतली. पुस्तिका उघडून तिच्या शेजारी ठेवली. एकदा या सहीकडे पाहिलं, एकदा त्या सहीकडे. पुन्हा या. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. दाढी करताना मी ते रोज आरशात पाहतो.

“वय किती यांचं?” त्याने विचारलं.

“ब्याऐंशी.”

त्याने शिक्का उचलला, पॅडवर दोनदा दाबला आणि कागदावर मारला. मग पुढची तारीख लिहिली, पाच वर्षांनंतरची, आणि चिठ्ठी फाइलला टाचत म्हणाला, “बाबांना सांगा, पुढच्या वेळी अंगठा दिला तरी चालेल.”